थॅड बॅस्कमच्या एका 'आऊ'चा निवाडा

टॅनर्स बेंड, ओहायो
बुधवार, ११ नोव्हेंबर १९०३

तीर्थस्वरूप होझियामामांस,

भाचा ओरिन याचा साष्टांग नमस्कार. हा साष्टांग नुसता रीत म्हणून लिहिलेला नाही. गेले अकरा दिवस मी पालथाच आहे. पालथा झोपतो, पालथा वाचतो, आणि हे पत्रही छातीखाली दोन उश्या घेऊन पालथ्यानेच लिहितो आहे, तेव्हा अक्षराला हसू नये. (कारण पुढे येईल. सभ्य शब्दांत कसे आणावे एवढाच विचार चालू आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? तिकडे व्हरमाँटात बर्फ सुरू झाले असेल, तर सकाळी उठून स्वतः फावडे हातात घेऊ नये. शेजाऱ्यांचा हातभार घेतल्याने पूर्वजांची अब्रू जात नाही. मामींच्या खोकल्यावर कांद्याचा शेक चालू ठेवावा.

मागच्या पत्रात तुम्ही विचारले होते, की तुमच्या ओहायोत फुटबॉल म्हणून जो काही धिंगाणा चालतो, त्यात दर शनिवारी पोरे हातपाय मोडून घेतात असे पेपरात येते, तर तू त्याच्या वाऱ्याला तरी उभा राहत नाहीस ना? मामा, वाऱ्याला मी कधीच उभा राहिलो नाही. मी थेट मधोमध उभा राहिलो. शिट्टी घेऊन.

आता हे झाले कसे ते ऐका. आमचे टॅनर्स बेंड नदीच्या या काठाला आणि लोवरी त्या काठाला. मध्ये एक होडी, आणि होडीपेक्षा रुंद असे वैर. दोन्ही गावांचे फुटबॉलचे सामने दर साली दोनदा होतात, आणि गेल्या आठ वर्षांत आम्ही एकदाही जिंकलेलो नाही. आमच्याकडे विटांच्या भट्टीवरची माणसे खेळतात, एक खाटीक आहे, एक भूगोलाचा मास्तर आहे (तो पळतो चांगला, पण दिशा विचारून घेतो). लोवरीवाले दर साली कुठल्यातरी कॉलेजातून दोन-तीन दांडगी पोरे आणतात आणि ती आपल्या गावचीच म्हणून उभी करतात. यंदा त्यांच्या संघात तीन स्मिथ होते, आणि तिघांतला एकही स्मिथ या हाकेला वळून बघत नव्हता.

असल्या सामन्याला पंच कोण मिळणार? डॉक्टर नको, कारण आमच्या निम्म्या संघाची बाळंतपणे त्यानेच केलेली. पाद्रीबुवा नकोत, कारण गेल्या साली त्यांनी एका धक्काबुक्कीत लोवरीच्या खेळाडूला शाप दिला, आणि तो बायबलातला आहे असे सांगून वेळ मारून नेली. शेवटी दोन्ही गावांच्या पुढाऱ्यांनी होडीत बसून, नदीच्या बरोब्बर मध्यावर, माझे नाव काढले. दहा मैलांत दातांचा डॉक्टर मी एकटाच. दोन्ही काठांवरच्या माणसांनी माझ्या खुर्चीत बसून सारखाच आरडाओरडा केलेला, आणि दोन्हीकडे मी सारखाच नकोसा. यापरता निःपक्षपाती माणूस कुठून आणायचा?

मी नाही म्हणायला हवे होते. पण मला वाटले, गावात येऊन चार वर्षे झाली, अजून लोक मला 'तो बाहेरचा' म्हणतात, दात दुखत नसेल तर ओळखही देत नाहीत. एवढे एक काम नेकीने केले तर आपण यांच्यातले होऊ. (मामा, माणसाच्या डोक्यात असला विचार येतो तेव्हा जवळच्या नातेवाइकाने त्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी.)

खेळाचे नियम मी पुस्तक आणून पाठ केले. तुम्हाला थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचा अनर्थ कळेल. अकरा इकडे, अकरा तिकडे. डोक्याला टोपी नाही. त्याऐवजी डोक्यावर केस वाढवतात, आणि नाकावर रबराचे एक टोपण बांधतात. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला त्याचे सोबती पुढे ढकलतात आणि शत्रू मागे ढकलतात. सोय म्हणून विजारीला दोन बाजूंना कातड्याच्या मुठी शिवलेल्या असतात, पेटीला असतात तशा. त्या धरून माणूस अक्षरशः फेकतात. चेंडू शत्रूच्या हद्दीच्या रेषेपलीकडे नेला की पाच गुण, आणि मग लाथेने खांबांमधून घातला की वर एक. आणि सगळ्यात महत्त्वाचे हे, की चेंडूवाला पडला, अडकला, गुदमरला, तरी खेळ थांबत नाही. त्याने स्वतःच्या तोंडाने 'डाऊन!' (म्हणजे 'पडलो!') असे ओरडले पाहिजे. ते ओरडेपर्यंत त्याला उचला, ओढा, घडी करा, सगळे कायदेशीर.

आता बॅस्कम मंडळींविषयी. आल्मायरा बॅस्कम हे नाव माझ्या मागच्या तीन पत्रांत आले आहे, आणि तिन्ही वेळा तुम्ही उत्तरात हवापाण्याविषयी लिहिले आहे, म्हणजे तुमच्या लक्षात आले आहे. लग्न वसंतात करायचे असे आम्हा दोघांचे ठरले होते. तिच्या घरच्यांचे ठरायचे होते. घरी तिची आई, जिच्याइतकी धर्मशील बाई गावात दुसरी नाही, आणि भाऊ थॅड. थॅड आमच्या संघाचा कप्तान. भट्टीवर काम करतो आणि अंगापिंडानेही भट्टीसारखाच आहे. सप्टेंबरच्या एका सामन्यात त्याचे वरचे पुढचे चार दात गेले, ते मी बसवून दिले. सामन्याच्या आधी तो ते काढून आल्मायराच्या हातात देतो आणि ती ते रुमालात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवते. असा हा थॅड सामन्याच्या आदल्या दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या देखत, माझ्याच दातांनी मक्याचे कणीस सोलत म्हणाला, "दुसऱ्याच्या तोंडात हात घालून पोट भरणारा माणूस आमच्या घरात नको." मी हसलो. जावई व्हायचे असले की माणूस बऱ्याच गोष्टींना हसतो.

सामन्याच्या दिवशी अडीच हजार माणसे जमली. दोरी बांधली होती, पण दोरीला कोण विचारतो? पहिल्या अर्ध्या तासातच लोक मैदानात आले आणि खेळ पुढे सरकला की तेही खेळाबरोबर सरकायचे. चिखल घोट्यापर्यंत. एका स्मिथने पहिल्याच भागात चेंडू रेषेपलीकडे नेला, पण पुढची लाथ हुकली. लोवरी पाच, आम्ही शून्य. मग तासभर दोन्ही बाजूंनी नुसती कुस्ती. मी तीनदा चेंगरलो. शिट्टी तोंडात होती ती एकदा अर्धी घशात गेली आणि दोन मिनिटे माझ्या श्वासागणिक खेळ थांबत होता.

आणि शेवटच्या मिनिटाला, मामा, थॅडने चेंडू घेतला. भूगोलाच्या मास्तराने त्याची डावी मूठ धरली, खाटकाने उजवी, मागून बाकीचे लागले, आणि विटांची भरलेली गाडी उतारावर सुटावी तसा तो गोळा लोवरीच्या रेषेकडे निघाला. त्या क्षणी सगळे गाव एका आवाजात ओरडत होते. मीही ओरडलो असेन. थॅड रेषेच्या पलीकडे गेला. मी स्वतः पाहिले, दोन पाय पलीकडे. म्हणजे पाच-पाच, आणि वरच्या एका लाथेला आमचा खाटीक कधी चुकत नाही. पण तो उभा होता, त्याच्या अंगाला सात-आठ जण लोंबकळत होते, आणि मी नियमाप्रमाणे त्या ढिगात डोके घालून, त्याच्या तोंडापासून हातभरावर कान देऊन, त्या एका शब्दाची वाट पाहत होतो.

थॅड ओरडला, "आऊऽऽ!"

पुढच्याच क्षणी लोवरीवाल्यांनी त्याला आख्खा उचलला, रेषेच्या अलीकडे तीन पावले आणला आणि चिखलात आपटला. तिथे त्याचा श्वासच गेला. मी शिट्टी वाजवली. एवढी माणसे, आणि अशी शांतता झाली की नदीवरच्या होडीची साखळी ऐकू येत होती.

आमचे लोक म्हणाले, तो डाऊनच म्हणाला! खाटीक माझी कॉलर धरून ओरडला, "अरे दातपाड्या, 'ड' कुठून आणणार तो? दात आल्मायराच्या पिशवीत आहेत!" या मुद्द्यात दम होता. कोणताही दुसरा पंच या मुद्द्यावर विरघळला असता. पण दुर्दैव असे, की थॅड बॅस्कमचे 'आऊ' या पृथ्वीच्या पाठीवर माझ्याइतके कोणीही ऐकलेले नाही. चार दात बसवताना नऊ वेळा तो माझ्या खुर्चीत बसला होता. हिरडीला सुई लागली की तो असाच ओरडतो: सुरुवात खालून, मध्ये किंचित गिरकी, आणि शेवट लांब. तो शब्द नव्हता. ते दुखणे होते. आणि दुखण्याला गुण देता येत नाहीत, असे पुस्तकात स्पष्ट आहे (म्हणजे नाही, पण निघते).

मी म्हणालो, "नाही. चेंडू इथेच."

वेळ संपली. लोवरी जिंकले. पुढची दहा मिनिटे मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. टोपी गेली. कोट गेला. मास्तराने मला ढकलले, आणि कोणत्या दिशेला ढकलायचे ते या वेळी त्याने विचारले नाही. मी चिखलात पालथा पडलो असता मिसेस बॅस्कम, ती धर्मशील माऊली, गर्दीतून वाट काढत आली आणि तिने आपल्या छत्रीच्या टोकाने, पूर्ण विचारांती, माझ्या बसण्याच्या जागेवर आपले मत नोंदवले. एकदा नाही. डॉक्टर म्हणतो, आणखी दोन आठवडे बसायचे नाव काढू नका.

त्या दिवसापासून माझ्या दुकानात टॅनर्स बेंडचे एक माणूस आलेले नाही. भट्टीवरचा एक जण सुजलेला गाल घेऊन रस्त्यावरून जातो, माझ्या पाटीकडे बघतो, दातओठ खातो (बिचाऱ्याला तेही दुखते) आणि पुढे जातो. न्हाव्याने मला पाहून वस्तरा खाली ठेवला, आणि तो ज्या रीतीने ठेवला त्यावरून मीच दाढी वाढवायचे ठरवले. रविवारी मी चर्चमध्ये मागे उभा होतो (बसणार कसा?), तर पाद्रीबुवांनी प्रवचनाला नेमका येशूला सुळावर जाऊ देऊन हात धुणारा न्यायाधीश पिलात घेतला. सगळ्या माना वळल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करायची? तरी यांच्यातला व्हायला निघालो होतो मी. आता गावाच्या मुलांना बागुलबुवा दाखवायचा तर माझे नाव घेतात.

हे सगळे सोसले असते. पण तिसऱ्या दिवशी आल्मायरा आली. दारातच उभी राहिली, हातमोजेही काढले नाहीत.

"मला एकच सांगा, ओरिन. तुमची खात्री होती?"

"होती," मी म्हणालो.

"पूर्ण?"

"पूर्ण."

ती म्हणाली, "थोडी कमी ठेवायला काय झालं होतं?" आणि गेली.

मामा, तेव्हापासून मला झोप नाही. लहानपणी तुम्ही मला शिकवलेत, की खरे बोलणारा माणूस उशीला डोके टेकताच झोपतो. ही गोष्ट तुम्ही कोणत्या आधारावर सांगितली होती? कारण मी पालथा पडल्या पडल्या एकच विचार करतो. 'नाही' हा शब्द माझ्या तोंडून फार लवकर आला. श्वासही घेतला नव्हता मी. ते 'आऊ' मी ओळखले म्हणून आला, की आदल्या दुपारचे ते मक्याचे कणीस माझ्या मनात कुठेतरी अडकून बसले होते म्हणून? न्याय केला की सूड घेतला, हे माझे मलाच सांगता येईना. आणि ते ओरडणे खरे कशाचे होते हे ज्या एका माणसाला माहीत, तो अंथरुणावर.

तो माणूस काल आला. दुपारी, मागच्या गल्लीने, डोक्यावरून आईची शाल घेऊन. मला वाटले कोणी म्हातारी आहे, म्हणून मी दार उघडले, आणि आत थॅड बॅस्कम शिरला. जबडा सुजून भोपळा झालेला. थेट खुर्चीत बसला. मी उभ्याने, एका हाताने पाठ धरून, तपासले. हाडाला बारीक चीर गेली होती. बांधायचे साहित्य काढले, पण बांधण्याआधी (बांधल्यावर महिनाभर तो बोलणार नव्हता) मी विचारले.

"थॅड, त्या वेळी तू डाऊन म्हणालास का?"

त्याने उजव्या हाताचे मधले बोट माझ्यापुढे धरले. त्यावर चाव्याची निळी-काळी खूण होती, आणि खुणेत एक फट. ती फट बघताच मी ओळखली. लोवरीच्या संघातला लाल केसांचा सुतार. त्याचा खालचा डावा सुळा मीच मार्चमध्ये काढला होता.

"डाऊन म्हणायचं डोक्यातच आलं नाही रे," थॅड म्हणाला. "तो चावला आणि मी बोंबललो. तू बरोबर होतास."

मामा, मला खालीच बसावेसे वाटले, पण बसता येत नव्हते. मी म्हणालो, "मग हे बाहेर चार माणसांत सांग ना. तुझ्या बहिणीला तरी सांग."

"नाही सांगणार." तो रागावला नव्हता, ओशाळलाही नव्हता. "डॉक्टर, तू बाहेरचा आहेस. फार तर गाशा गुंडाळून जाशील. मला इथंच म्हातारं व्हायचंय. आठ वर्षांत एकदा रेषेपलीकडं गेलो आणि तोंड उघडायचं विसरलो, हे त्या भट्टीवर रोज उठून कसं सांगू? आमच्या म्हाताऱ्या काकाला दिसत नाही, तो रोज मला हाक मारून विचारतो, खरं म्हणजे आपणच जिंकलो ना? मी म्हणतो, हो. त्यांना वाटतंय आपण जिंकलो होतो. वाटू दे की."

मी त्याचा जबडा बांधला. कोणाला सांगणार नाही असे वचन दिले. (तुम्ही सहाशे मैलांवर आहात, म्हणून तुम्ही 'कोणी' नाही.) जाताना त्याने शाल डोक्यावरून घेतली, दारात थांबला आणि माझ्या खांद्यावर एक हात ठेवला. भट्टीवरच्या माणसाचा हात. तो खांदाही आता दुखतो. तर अशी ही अवस्था आहे. मी खोटा नव्हतो हे आज जगात दोघांना ठाऊक आहे. त्यातल्या एकाचे तोंड पट्टीने बांधले आहे आणि दुसऱ्याचे वचनाने.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो या दिवसांत थोडा जास्त ठेवावा.

तुमचा,
ओरिन टटल

ता. क. (गुरुवार) : पत्र टाकायचे राहिले, कारण सकाळी लोवरीची माणसे होडी भरून आली. माझ्या दुकानापुढे, भर रस्त्यात, त्यांनी माझ्या नावाचा तीनदा जयजयकार केला, मला एक जिवंत टर्की भेट दिली, आणि लोवरीत दुकान थाटा, आम्ही सगळे दात तुमच्याकडेच काढू, असे सांगितले. मी म्हणालो, मी तुमच्या बाजूने नव्हतो, मी नियमाच्या बाजूने होतो. त्यावर त्यांचा पुढारी डोळा मारून म्हणाला, "कळलं, डॉक्टर. असंच बोलत राहायचं." समोरच्या पायरीवर खाटीक हे सगळे बघत उभा होता. टर्की परसात आहे. तीही माझ्याकडे चांगल्या नजरेने बघत नाही.

ता. क. दुसरे (शुक्रवार) : आता ज्यासाठी हे सगळे लिहिले ते लिहितो. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी लोवरीत परतीचा सामना आहे. पंच म्हणून लोवरीने माझे नाव दिले, ते अपेक्षित होते. पण काल रात्रीच्या आमच्या सभेत सगळे माझ्या नावाने शिमगा करत असताना थॅड उठला, मास्तराच्या हातातली पाटी घेतली आणि तिच्यावर 'टटल' असे लिहून सगळ्यांसमोर धरली. कारण विचारले तर जबड्याच्या पट्टीकडे बोट दाखवले. कप्तानापुढे कोण बोलणार? तेव्हा मामा, पाया पडतो, सव्वीस तारखेच्या आत 'प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा' अशी तार करावी. खोटे वाटत असेल तर गुडघ्याविषयी करावी. गुडघा कुठे दुखतो एवढे तारेत लिहावे लागत नाही.

ता. क. तिसरे (शनिवार) : तार करू नये. आज सकाळी दहा वाजता, बाजाराच्या वेळेला, आल्मायरा आली. तिने खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला केला, माझी खुर्ची स्वतः ओढून काचेला लावली, तिच्यात बसली आणि मोठ्ठे तोंड उघडले. मी म्हणालो, काय होतेय? म्हणाली, "काही नाही. तुम्ही तपासा." मामा, त्या मुलीच्या तोंडात एकही किडका दात नाही. मी तासभर आरसा धरून उभा होतो आणि ती तासभर तोंड उघडून बसली होती. सगळे गाव काचेसमोरून गेले. न्हावी गेला, पाद्रीबुवा गेले, आणि मिसेस बॅस्कम दोनदा गेली. थॅडने तिला काही सांगितले की नाही, ते मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. मधमाश्यांच्या पेट्या उघडताना तुम्ही घालता तो जाड कातडी कोट मात्र सव्वीसच्या सामन्याआधी पोचेल असा पार्सलने पाठवावा. मागून लांब असेल तर उत्तम.